उद्योजकाची भीती



आमच्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी शाळेने मला बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलली. मी हुबळीत ओतकामाचा एक लहानसा कारखाना चालविणारा माणूस आहे. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. परंतु भीती माणसाला किती मागे ओढते आणि ती मनात असतानाही काम कसे पुढे नेता येते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हाच विषय निवडला.

आरंभ याच शाळेतील एका प्रसंगाने करतो. मी आठवीत असताना स्नेहसंमेलनात मला पाच मिनिटे भाषण करावयाचे होते. पाठांतर चोख होते. परंतु आमच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि दोन्ही भाषा बोलताना लोक हसतील ही धास्ती सदैव मनात. दुसऱ्या वाक्यानंतर शब्द निघून गेले. मी व्यासपीठावरून उतरलो तो थेट पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. पुढे महिनाभर गुरुजींची नजर चुकवीत राहिलो. एके दिवशी त्यांनीच हाक मारली आणि म्हणाले, "उद्यापासून प्रार्थनेनंतर फळ्यावरचा सुविचार तू वाचायचास. एकच ओळ. घसा सुकला तर पाणी पिऊन वाच." वर्षअखेरपर्यंत माझे पाय कापत होते; पण ओळ रोज वाचली गेली. भीती गेल्यावर बोल, असे गुरुजी म्हणाले नाहीत. तसे म्हणाले असते तर मी आजही टाकीमागेच असतो.

मोठी कामे करणाऱ्या माणसांना भीती वाटतच नाही, असा आपला समज असतो. मला तो खरा वाटत नाही. माणसाच्या मनात शंका दोन जातींच्या असतात. पहिली म्हणते, "मला हे जमायचे नाही." ती साऱ्या माणसावरच संशय घेते, म्हणून तिची परीक्षा करता येत नाही. दुसरी म्हणते, "हे काम अमुक ठिकाणी बिघडेल." ती कामावर बोट ठेवते, म्हणून ते बोट पाहून दुरुस्ती करता येते. उद्योग करू इच्छिणाऱ्याने पहिल्या शंकेचे दुसऱ्या शंकेत रूपांतर करावयास शिकले पाहिजे. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच परिसरात आहे.

बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्ती भागात गुर्लहोसूर नावाचे गाव आहे. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे हे जन्मगाव. याच गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. १८८५ साली ते मुंबईस गेले व जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला काही रंगांतला भेद ओळखू येत नाही. सोळा-अठरा वर्षांच्या मुलाला हा केवढा आघात! "मी कुचकामी आहे," असे म्हणून तो गावी परतला असता तर कोणी दोष दिला नसता. लक्ष्मणरावांनी मात्र उणे नेमके कोठे आहे ते पाहिले. रंग दिसत नाहीत, रेषा दिसते. ज्या चित्रात रंग लागत नाही ते यंत्रांचे चित्र. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले.

नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा ती सोडून ते बेळगावला आले. त्यांनी थोरले बंधू रामचंद्रपंत यांच्यासह सायकलींचे दुकान आधीच सुरू केले होते. दुकान झाल्यावर कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर झाला. एकदम मोठी उडी कोठेच दिसत नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्या हाताला यंत्राचे भाग कळू लागतात. यंत्र करणाऱ्याला नांगर अवघड वाटत नाही.

नांगर तयार झाला खरा, परंतु घेणार कोण? धारवाडच्या आसपासची काळी जमीन आपण सारे ओळखतो. लाकडी नांगर ती वरवर खरवडतो; हरळीच्या मुळ्या खाली तशाच राहतात. तिला लोखंडी नांगर हवाच होता. पण लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. विद्यार्थिमित्रांनो, दोन वर्षे म्हणजे तुमची नववी आणि दहावी. तेवढा काळ आपण केलेली वस्तू आपल्यासमोर पडून राहते, तेव्हा मनात काय काय येत असेल, ते कारखानदाराने सांगावयास नको. तरीही शेतकऱ्याच्या नकाराचा अर्थ "लक्ष्मणराव नालायक" असा होत नव्हता. त्याचा अर्थ एवढाच, की या वस्तूवर अद्याप त्याचा विश्वास बसलेला नाही. विश्वास बसावयास वस्तू शेतात टिकावी लागते.

येथे ओतकामातील एक गोष्ट सांगतो. बिडाच्या नांगराचा फाळ जमिनीत घासून झिजतो. तो कठीण केला तर ठिसूळ होतो, मऊ ठेवला तर लवकर संपतो. यावर ओतकामात एक उपाय आहे. साच्यात फाळाच्या धारेच्या जागी लोखंडाचा तुकडा बसवितात. वितळलेले बीड त्याला टेकताच झपाट्याने निवते आणि तेवढा थर अत्यंत कठीण बनतो; मागचा भाग वाळूत सावकाश निवल्यामुळे कमी ठिसूळ राहतो. "फाळ टिकेल ना?" ही शंका रास्त आहे, आणि तिला साच्यात उत्तर देता येते. "मी कारखानदार होण्यास लायक आहे ना?" या शंकेला मात्र कोणत्याही साच्यात उत्तर नाही.

माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. कारखाना काढून दोन वर्षे झाली होती. आठ माणसे कामाला होती. पंपाच्या साठ झाकणांची मागणी आली. आमच्या दृष्टीने ती मोठीच होती. भट्टी पेटविण्याच्या दिवशी आमचा जुना मोल्डर म्हणाला, "साहेब, वाळू ओली आहे. आज नको." मुदत टळेल आणि मागणी हातची जाईल, या भीतीने मी रस ओतावयास लावला. ओल्या वाळूतील पाण्याची वाफ होते, ती वितळलेल्या बिडात अडकते आणि आत फुगे राहतात. साठांपैकी त्रेचाळीस झाकणे परत आली. मी आठ दिवस गिऱ्हाइकाला तोंड दाखविले नाही आणि कामगारांना कारण सांगितले नाही. कारखान्यात बोलवा झाली, की मोल्डरच्या हातून काम बिघडले. मी ती ऐकली आणि गप्प बसलो. महिना भरताच तो बेळगावला निघून गेला. चूक माझी होती, हे मी त्याला पत्राने कळविले; पण तो परत आला नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. वाळू मुठीत दाबून मोडून पाहावयाची. ती स्वच्छ मोडली पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. त्याखेरीज पाण्याचे वजन करून मगच ते मिसळावयाचे. आणि "आज नको" असे म्हणण्याचा हक्क साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला आहे, मला नाही. माझी भीती त्यामुळे नाहीशी झाली नाही. परंतु तिला आता वाळू तपासण्याचे काम मिळाले आहे.

नेतृत्वाचा अर्थ मला या प्रसंगात कळला. एकट्याची भीती एकट्याचेच नुकसान करते. पुढाऱ्याची भीती दुसऱ्याच्या माथी बसते. लक्ष्मणरावांवरही तशी वेळ आली होती. बेळगावच्या नगरपालिकेमुळे त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह राहावयास आले. तीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी तेथे ज्यांना जवळ केले, त्यांत शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर होते. ते पुढे कल्पक यंत्रज्ञ म्हणून ओळखले गेले. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीचा पहारा दिला. "हा काय करणार?" ही शंका त्यांनी दुसऱ्यांवरही घेतली नाही. काम दिले आणि कामावरून माणूस जोखला.

मुलींनी ही केवळ पुरुषांची कथा समजू नये. आपल्याजवळच्या शिग्गावला जन्मलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच सुधा मूर्ती, हुबळीच्या बी. व्ही. बी. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकल्या. साडी नेसावयाची, उपाहारगृहात जावयाचे नाही, मुलांशी बोलावयाचे नाही, अशा अटींवर त्यांना प्रवेश मिळाला होता. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे वाचून त्यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले, आणि त्या तेथील पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. १९८१ साली इन्फोसिसची स्थापना झाली तेव्हा त्यांनी साठविलेले १०,००० रुपये भांडवल म्हणून कामी आले. मला त्यातील पोस्टकार्ड अधिक महत्त्वाचे वाटते. सारी व्यवस्था बदलण्याच्या कल्पनेने कोणाचीही छाती दडपेल. पोस्टकार्ड लिहावयास दहा मिनिटे पुरतात.

गुरुजींनी मला दिलेली ओळही तेवढीच होती. म्हणून समारोप करताना शाळेला एक विनंती करतो. फळ्यावरचा सुविचार वाचण्याचे काम वक्तृत्वाची बक्षिसे मिळविणाऱ्यांना देऊ नये. प्रत्येक वर्गात एखादा मुलगा, एखादी मुलगी टाकीमागे बसलेली असते. तिला हाक मारावी आणि एकच ओळ द्यावी. तिचे पाय कापतील. कापू द्यावेत. गुरुजींचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.