भंगारात देण्याआधी हे वाचा! जुन्या कूलर-मिक्सरमधले कोणते भाग कामाचे, कोणते जीवघेणे?

वरूड : उन्हाळा सरला की संत्रा पट्ट्यातील घराघरांत कूलरची आवराआवर सुरू होते. पत्रा गंजला असेल तर अख्खा कूलर किलोच्या भावाने भंगारात जातो. आतली मोटार आणि पंप मात्र अनेकदा धडधाकट असतात. बंद पडलेल्या उपकरणात बऱ्याचदा एखादाच भाग निकामी असतो. उरलेले भाग घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कामी येतात. फक्त काय काढायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे माहीत हवे.

आधी दुरुस्ती होते का बघा
पंखा हळू फिरत असेल तर अनेकदा दोष कंडेन्सरचा, म्हणजे कपॅसिटरचा असतो. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याचाच नवा घ्यावा.

कशातून काय मिळते?
● कूलर : पंख्याच्या मोटारीपासून वर्कशॉपमधला धूर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट बनतो. पंपात बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात. जाळी आणि आतले पाते साफ केले की अनेक पंप पुन्हा चालतात. कुंड्यांना पाणी द्यायला तो पुरतो, मात्र कोरडा चालवू नये.
● छताचा पंखा : यातले बेअरिंग काढून ठेवा. त्यावर क्रमांक कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतले भोक १५ मिलिमीटर. फिरते स्टँड किंवा रोलर करायला ते चालते.
● प्रिंटर : स्टेपर मोटार, गुळगुळीत पोलादी दांडे, गिअर आणि पट्टा मिळतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना छोट्या प्लॉटरसाठी हेच लागते.
● सेट टॉप बॉक्स : अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा असेल तर एलईडी पट्टी चालते. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर पट्टीच्या गरजेपेक्षा कमी नकोत.
● मिक्सर : स्विच आणि रबरी पाय काढून घ्या. मोटारीला भार नसला की तिचा वेग प्रचंड वाढतो आणि ती लवकर तापते. तिच्यापासून करवत किंवा ग्राइंडर बनवू नका.

मोटार चांगली आहे का?
प्लग काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोटारीची एक वायर आणि धातूची बॉडी तपासा. जोडणी दाखवली तर करंट बॉडीत उतरण्याचा धोका आहे. अशी मोटार वाइंडिंगवाल्याकडेच न्यावी. कूलरच्या शॉकमुळे अपघात होतात, म्हणून महावितरण दर उन्हाळ्यात सावधगिरीचे आवाहन करते. जुनी मोटार किंवा पंप वापरताना अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पंप सुरू असताना पाण्यात हात घालू नका.

याला हात लावू नका
● मायक्रोवेव्ह : आत सुमारे २,००० व्होल्ट तयार होतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. याचा ट्रान्सफॉर्मर वापरून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात परदेशात अनेकांचे जीव गेले आहेत.
● जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही : बंद असतानाही ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज राहू शकते.
● फ्रिज : अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील वायू असतो. कॉम्प्रेसरची नळी कापू नका.

मुलांना सोबत घ्यायचे असेल तर?
पुण्यातील आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवून दाखवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सेल, चुंबक आणि तांब्याची तार एवढ्यावर मोटार फिरते. मुलांची सुरुवात सेलवरच करा, घरातल्या २३० व्होल्टवर नको.

उरलेले कुठे द्यायचे?
तांब्यासाठी वायर जाळू नका, तिचा धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रांमार्फत पुनर्प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. त्यामुळे नवे उपकरण घेताना जुने परत घेता का, हे दुकानदाराला आधी विचारा.