४४ सेकंदांच्या अलीकडे-पलीकडे

पिनाका रॉकेट-लाँचरची गाडी जागेवर थांबली, की सगळ्यात आधी तिचे चार पाय जमिनीला टेकतात. हायड्रॉलिकचे जाडजूड जॅक खाली उतरतात, गाडी किंचित उचलली जाते आणि टायरांवरचा भार कमी होतो. आठ चाकांची टाट्रा बनावटीची ही गाडी. पाठीवर सहा-सहा नळ्यांचे दोन पॉड. एकेक रॉकेट जवळजवळ पाच मीटर लांब, २७६ किलो वजनाचं. भरलेल्या गाडीवर नुसत्या रॉकेटांचाच बोजा तीन टनांच्या वर जातो. हे ओझं टायरांवर डुलत राहिलं, तर पहिलं रॉकेट सुटताच गाडी हलेल आणि दुसरं भलतीकडे जाईल. म्हणून आधी पाय.

नाशिकजवळ देवळालीच्या फायरिंग रेंजवर, 'तोपची' या तोफखान्याच्या वार्षिक प्रात्यक्षिकात मी हे पाहत होतो. सोबत आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातले सुभेदारकाका. त्यांची उमेदीची सगळी वर्षं रॉकेट रेजिमेंटमध्ये गेली, तीही पिनाकाच्या आधीच्या रशियन ग्रॅडवर. इंदुरातून निघालेला आग्रा रोड महूला बगल देत, सेंधवा, धुळे, मालेगाव करत नाशिकला पोचतो. त्या सगळ्या रस्त्यात काका फारसं बोलले नाहीत. रेंजवर पोचल्यावर मात्र त्यांचे डोळे गाडीवरून हलेनात. आजूबाजूच्या मंडळींनी मोबाइल उगारून ठेवले होते. काका म्हणाले, "सुटताना काय बघायचं? सुटलेलं सगळ्यांनाच दिसतं. गाडी बसते कशी, ते बघ."

ते बघायला लागलो आणि लक्षात आलं, की या हत्याराबद्दल छापून येतं ते सगळं ४४ सेकंदांबद्दल असतं. १२ रॉकेटं ४४ सेकंदांत. आकडा खराच आहे, पण या माणसांचं काम त्या सेकंदांच्या आधी असतं आणि नंतर असतं.

आधीचं काम म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं. आपण नेमके कुठे उभे आहोत, उत्तर दिशा कुठे आहे, आणि वारा काय करतो आहे. ग्रॅडच्या काळात पहिल्या दोन प्रश्नांसाठी सर्व्हेची पार्टी आधी जाऊन खुंट्या ठोकायची, डायरेक्टर नावाचं कोन मोजायचं यंत्र तिपाईवर चढायचं, आणि लेयर, म्हणजे नेम लावणारा जवान, साइटमधून बघत हाताने चाकं फिरवून नळ्यांचा कोन लावायचा. काकांच्या उजव्या हाताची बोटं बोलताबोलता आजही ते चाक फिरवतात. पिनाकात ही दोन्ही उत्तरं गाडीतली जायरोवर चालणारी यंत्रणाच देते. कमांड पोस्टकडून रेडिओवर लक्ष्याचे आकडे येतात, केबिनमधला संगणक हिशेब करतो, आणि बाहेर कुणीही न उतरता पॉड वळू लागतो, उचलला जाऊ लागतो. हे आकडे ज्या सिग्नलच्या जाळ्यातून येतात, ते चालवणारी माणसं जिथे शिकतात ते मोठं केंद्र आमच्या महूत आहे, इंदूरपासून तासाभराच्या आत.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र काकांना अजून बरंच बोलायचं असतं. तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतो तोच आपला पूर्ण वेग घेऊन. रॉकेटचं तसं नाही. ते नळीतून निघतं तेव्हा त्याचा वेग कमी असतो, इंधन जळतच असतं, आणि वेग वाढत असताना वारा त्याच्या शेपटीकडच्या पंखांना ढकलतो. शेपूट वाऱ्याबरोबर गेली, की नाक वाऱ्याकडे वळतं. म्हणजे डावीकडून वारा असेल तर जळतं रॉकेट उजवीकडे ढकललं जाण्याऐवजी डावीकडेच घुसतं. इंधन संपल्यावर मग वारा त्याला नेहमीसारखा आपल्या दिशेला नेतो. एकाच उड्डाणात एकच वारा दोन उलट्या गोष्टी करतो, आणि जमिनीजवळचा वारा वेगळा, वरचा वेगळा. म्हणून बॅटरीबरोबर, म्हणजे अशा गाड्यांच्या तुकडीबरोबर, हवामानाचं पथक असतं. फुगा सोडतात, त्याला टांगलेलं यंत्र वर जाता-जाता थराथरातल्या हवेची खबर खाली पाठवतं, आणि ती खबर हिशेबात धरल्यावर नळ्यांचा कोन थोडा बदलतो. इंधनाचं तापमानही मोजावं लागतं. राजस्थानच्या उन्हात तापलेलं इंधन भराभर जळतं, लडाखच्या थंडीत सावकाश.

"आम्ही फुगेवाल्यांना चिडवायचो," काका म्हणाले, "पण फुगा फुटला की सगळ्यांत आधी आमचाच जीव वरखाली व्हायचा."

हिशेब पुरा झाला. पॉड थांबला. गाडीमागचं रान मोकळं होतं. तिथे कुणी उभं राहायचं नाही हा या हत्याराचा पहिला नियम, कारण मागे निघणारा जाळ आणि खडे पुढच्या रॉकेटइतकेच निर्दय असतात. प्रात्यक्षिकात मोजकीच रॉकेटं सोडतात. पहिलं गेलं तेव्हा आधी गाडीमागे पिवळट धुळीची भिंत उभी राहिली आणि मग आवाज छातीवर आदळला. नंतर थोडा थांबा, सुमारे चार सेकंदांचा, आणि दुसरं. ग्रॅड २० सेकंदांत ४० रॉकेटं ओतते. तिच्या मानाने हे संथ वाटतं. पण रॉकेट सुटल्यावर गाडीला बसलेला हेलकावा शांत व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि ग्रॅडचं १२२ मिलिमीटरचं रॉकेट २० किलोमीटरच्या आसपास जातं, तर पिनाकाचं २१४ मिलिमीटरचं पहिल्या आवृत्तीतच त्याच्या जवळजवळ दुप्पट.

धूळ खाली बसायच्या आत जॅक वर आले आणि गाडी निघाली.

मला सगळ्यांत जास्त भिडलं ते हे निघणं. शत्रूचं रडार आकाशातल्या रॉकेटची वाट मागे-मागे नेऊन ते सुटलं ती जागा हुडकून काढतं. त्यामुळे आपलं शेवटचं रॉकेट हवेत असतानाच आपली जागा जुनी झालेली असते. थांबलेली गाडी मेली. ड्रायव्हरला निघायची वाट आधीपासून तोंडपाठ हवी, रात्री दिवे न लावता, आणि हे शिकायला लेयरइतकीच वर्षं लागतात असं काकांचं म्हणणं.

इंदूरच्या माणसाला इथे महिदपूर आठवल्यावाचून राहत नाही. २१ डिसेंबर १८१७ला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली, पण त्या फौजेचे गोलंदाज घोडदळ उधळल्यावरही आपल्या तोफांपाशी उभे राहिले आणि तिथेच पडले. इंग्रजांनीही हे लिहून ठेवलं. त्या पराभवातून मंदसौरचा तह आला, त्या तहातून १८१८ची महूची छावणी. तोफ सोडून जाणं तेव्हा नामुष्की होती. आजच्या गोलंदाजाला मात्र जागा सोडायलाच शिकवतात, आणि त्यात मला कमी धैर्य दिसत नाही. कानठळ्या बसलेल्या असताना, डोळ्यांत धूळ असताना, न घाबरता आणि काही न विसरता ठरलेल्या वेळात निघायचं, ही सोपी गोष्ट नव्हे.

पुढच्या जागी क्रेनची गाडी वाट बघत असते. रिकामे पॉड उतरतात, भरलेले चढतात, फायरिंगच्या वायरी जोडल्या जातात आणि पुन्हा तेच चक्र. एका बॅटरीत अशा सहा लाँचर गाड्या, आणि त्यांच्या पाठीशी रॉकेटं वाहणाऱ्या व चढवणाऱ्या गाड्या, कमांड पोस्ट, हवामानाचं पथक. फोटोत येतात सहा. रस्त्यावर ताफा लांबलचक असतो.

या हत्याराचा जन्म बराचसा महाराष्ट्रातला. १९८६च्या सुमारास काम सुरू झालं, पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत. इंधन सुतारवाडीच्या प्रयोगशाळेत घडलं. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत त्याचे नमुने वापरून पाहिले, आणि फेब्रुवारी २०००मध्ये पहिली रेजिमेंट उभी राहिली. ऑगस्ट २०२०मध्ये आणखी सहा रेजिमेंटांसाठी सुमारे २,५८० कोटींचे करार झाले: लाँचर टाटा आणि एल अँड टीचे, गाड्या बीईएमएलच्या. आर्मेनियानेही पिनाका घेतला आहे.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं, पण ते टाळून या गाडीबद्दल लिहिता येणार नाही. एका बॅटरीची सहा लाँचर ४४ सेकंदांत ७२ रॉकेटं सोडतात. प्रत्येकाच्या टोकाला साधारण १०० किलोचा स्फोटक भाग, म्हणजे सात टनांच्या वर. ही रॉकेटं १,००० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद टापू व्यापतात असं सांगतात. आमच्या शहरात तेवढ्या जागेत राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या बसतात. बिनमार्गदर्शनाचं रॉकेट एका बिंदूवर मारायला बनवलेलं नाही. ते टापूवर मारायचं हत्यार आहे. रणगाड्यांचा जमाव, तोफांची जागा, दारूगोळ्याचा साठा यांवर त्याचा उपयोग आहे, आणि सरहद्दीवर उभ्या असलेल्या आपल्या पोरांसाठी तो उपयोग फार मोठा आहे. पण टापू निवडणाऱ्या माणसावर त्यामुळे जी जबाबदारी येते, ती गाडीतल्या संगणकाला उचलता येत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज आणि म्युनिशन्स इंडिया यांच्याशी १०,१४७ कोटींचे रॉकेटांचे करार झाले. त्यातला एक प्रकार हवेत उघडून अनेक लहान बॉम्ब पसरणारा आहे. असे बॉम्ब न फुटता मागे राहिले तर शेतात राहतात, आणि लढाई संपल्यावर तिथे शेतकरी जातो. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. आपल्या शेजाऱ्यांकडे पाहता त्यामागची लष्करी कारणं मला समजतात. तरी त्या शेताचा विचार आपल्याकडे मोकळेपणाने व्हायला हवा, आणि तो सैनिकांनी एकट्याने करायचा नाही, आपण सगळ्यांनी करायचा आहे.

यातून निघायची एक वाट अचूकतेची. शेपटीऐवजी नाकाकडे लहान हलते पंख आणि उपग्रहाच्या मदतीने वाट सुधारणारं मार्गदर्शित पिनाका रॉकेट, ज्याच्या मोठ्या चाचण्या नोव्हेंबर २०२४मध्ये पुऱ्या झाल्या, ७५ किलोमीटरपर्यंत जाऊन ठरलेल्या जागेजवळ पडतं. जिथे ७२ लागायची तिथे थोडकी पुरतील, आणि बाजूचं गाव वाचण्याची शक्यता वाढेल. माझा ओढा उघडपणे या बाजूला आहे.

परतताना मी काकांना विचारलं, रॉकेटच स्वतःची वाट सुधारणार असेल तर मग हवामानाच्या पथकाचं काय?

"उपग्रहाचा सिग्नल शत्रू आधी जाम करेल," ते म्हणाले. "फुगा शिकवायचं बंद केलं तर त्या दिवशी काय करशील? शिकवत राहायला हवं." मग सेंधव्यापर्यंत ते मला थरांच्या वाऱ्याचा तक्ता कसा वाचायचा ते सांगत होते.