काकडीचा घोडा

जपानात राहणाऱ्या आम्हां गोव्याकडच्या लोकांची दरवर्षीची एकच रड असते: चतुर्थीला सुट्टी नाही. माझं गाव केरी. पेडणे तालुक्यातली, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथली. सत्तरीतली केरी वेगळी. आमच्याकडे माणूस मुंबईला असो की मस्कतला, एरवी येवो न येवो, चवथीला घरी हवाच. बाबा आदल्या दिवशी माटोळीचं सामान घेऊन यायचे. कांगले, घागऱ्या, आंबाडे, चिबूड, सुपारीचा घोस. ती बांधताना स्टूल धरायचं काम माझं.

टोकियोत आमच्या ऑफिसला मोठी सुट्टी मिळते ती ऑगस्टच्या मध्यावर, ओबोनला. ओबोन म्हणजे जपान्यांचा पितृपंधरवडाच म्हणा, फक्त तीन-चार दिवसांचा. १३ ऑगस्टच्या आसपास पितर घरी येतात, १६ला परत जातात. हे नाव संस्कृत 'उल्लंबन' शब्दावरून आलं असं मानण्याची परंपरा आहे. पूर्वी तोही चांद्र तिथीने यायचा. १८७३ साली जपानने इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि सणांच्या तारखा पक्क्या झाल्या. आमची चवथ आणि यांचं ओबोन यांची गाठ काही पडत नाही.

पहिली काही वर्षं मी या सुट्टीत भटकून घेतलं. क्योटोला १६ ऑगस्टच्या रात्री डोंगरांवर पेटवलेली प्रचंड अक्षरं पाहिली. पितरांना निरोप देणारी ती आग. मी गर्दीत उभी राहून फोटो काढले. सुंदर होतं, पण मला त्याचं काही नव्हतं.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. दुसऱ्या लाटेचे दिवस. १४ मेपासून भारतातून येणाऱ्या परदेशी रहिवाशांना जपानचा दरवाजा जवळजवळ बंद झाला होता. मी गेले असते, तर परत कधी येता आलं असतं कुणास ठाऊक, आणि नोकरी तर इथेच होती. त्यातच तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. केरीत वीज नव्हती, फोन लागत नव्हता. चुलत भावाने अग्नी दिला, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. व्हिडिओवरसुद्धा काही पाहता आलं नाही. दोष कुणाचा नव्हता, आणि तेच जड जातं. रागवायला कुणी सापडत नाही.

पुढे केरीला जाऊन आले. म्हाळय भाऊ करतो. टोकियोत मी एकदा भाताचा घास गॅलरीत ठेवला होता. इथे कावळ्यांना तोटा नाही, सकाळी कचऱ्याच्या पिशव्यांवर त्यांच्यासाठी जाळ्या टाकाव्या लागतात. पण शेजारीण काय म्हणेल, या धास्तीने पाच मिनिटांत उचलला.

आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ बाई आहेत. कामात वरिष्ठ असलेल्याला इथे 'सेंपाई' म्हणतात, मीही तेच म्हणते. २०२३च्या जुलैत त्या जेवताना सहज म्हणाल्या, "ओबोनला माझ्याबरोबर गावी येतेस?" इतक्या वर्षांत कुणी जपानी माणसाने घरी बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांचं गाव इवाते प्रांतातलं रिकुझेनताकाता. शिनकान्सेनने इचिनोसेकीपर्यंत, मग छोट्या गाडीने केसेन्नुमा. तिथून पुढे रूळ नाहीत. २०११च्या त्सुनामीत ते वाहून गेले, आणि त्याच मार्गावर आता बस धावते. बसच्या खिडकीतून समुद्र दिसेल म्हणून मी सरसावून बसले होते, तर समोर साडेबारा मीटर उंच भिंत.

या गावात सतराशेहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. किनाऱ्यावर सतराव्या शतकापासून लावत आणलेलं पाइनचं बन होतं, सुमारे सत्तर हजार झाडांचं. त्यातलं एकच उभं राहिलं. तेही खाऱ्या पाण्याने मुळं कुजून २०१२ साली मेलं, तरी लोकांनी ते टिकवण्याची प्रक्रिया करून पुन्हा उभं केलं. मेलेल्या झाडावर एवढा खर्च का, असा वाद तेव्हा जपानातही झाला. मलाही तसंच वाटलं असतं, पण भिंतीपलीकडे नव्याने लावलेली रोपं पाहताना मला केरीच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आठवलं. दर पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, मुळं उघडी पडतात आणि दोन-चार झाडं आडवी होतात. त्या बनात बाबा फेरीबोटीवरची पाळी संपली की सावलीला बसायचे. केरी ते तेरेखोल, नदीच्या या काठावरून त्या काठावर, त्यांची अख्खी नोकरी त्यातच झाली.

सेंपाईंचे वडीलही त्सुनामीत गेले. ते सापडलेच नाहीत. हे मला त्यांनी बसमध्ये सांगितलं, पुढच्या स्टॉपचं नाव सांगावं तसं.

घरी त्यांची आई होती, ऐंशीच्या पुढची. संध्याकाळी तिने टेबलावर एक काकडी आणि एक वांगं ठेवलं आणि काड्या खुपसून दोघांना चार-चार पाय केले. काकडीचा घोडा झाला, वांग्याची गाय. पितरांनी येताना घोड्यावरून लवकर यावं आणि जाताना गाईवर बसून रमतगमत जावं. मग अंगणात पाइनच्या ढलप्या पेटवल्या, वाट दिसावी म्हणून.

आजीने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. तिची बोली मला समजेना. सेंपाई म्हणाल्या, "आई विचारतेय, तुझे वडील कुठल्या दिशेने येतील?"

त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. मी फोनवर नकाशा काढला. आजीने दुसरी काकडी घेतली, पाय लावले आणि घोड्याचं तोंड घराकडे, शेपूट नैऋत्येकडे केलं. मी मान खाली घालून जाळाकडे बघत राहिले. कुणी काही बोललं नाही. या बाबतीत जपानी माणसं फार बरी.

रात्री आईला फोन केला. नेहमीप्रमाणे आधी "जेवलंस काय गो?" मग मी घोड्याची हकिकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, रेंज गेली.

"घोड्यार?" आई म्हणाली. "तुझो बाबा जन्मात घोड्यार बसूक नाय. होडी करूक व्हयी होती."

मी आजीला सांगितलं, सेंपाईंनी बोलीत उलथवून सांगितलं. आजी तोंडावर हात धरून हसली, आणि उठून फ्रिजमधून आणखी एक काकडी घेऊन आली. ती उभी चिरली, चमच्याने गर काढला आणि माझ्या हातात दिली. शीड मीच लावलं, शिसोच्या पानाचं. फेरीबोटीला शीड नसतं, हे नंतर लक्षात आलं.