पानाचा ठसा आणि वर चार टाके

ऑडिओ न ऐकता नुसतं वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते, या भागात सुरुवातीला जी ठकठक ऐकू येते ती माझी हातोडी आहे. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. सॉरी काका.

आज बोलायचंय पानांच्या छपाईबद्दल. म्हणजे खऱ्या पानांचा कापडावर ठसा घ्यायचा आणि मग त्यावर भरतकाम करायचं. रील्समध्ये हे तीस सेकंदांत होतं, मला चार महिने लागले. त्यातला एक महिना तर मी केलेल्या एका चुकीत गेला.

झालं असं, की डोंबिवलीतली आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. कंपाउंडमध्ये देशी बदामाचं मोठं झाड होतं, तेही जाणार हे नक्की होतं. देशी बदाम म्हणजे तोच, ज्याची पानं गळायच्या आधी लालभडक होतात आणि ज्याची फळं आपण दगडानं फोडून खायचो. मला त्या झाडाचं काहीतरी जवळ ठेवायचं होतं. फोटो आहेत, पण फोटो काय, फोनमध्ये हजारो पडलेत.

मग एक व्हिडिओ दिसला. कापडावर ताजं पान ठेवायचं, वर दुसरं कापड, आणि हातोडीनं ठोकायचं. जपानमध्ये याला ताताकी-झोमे म्हणतात, म्हणजे ठोकून केलेली रंगाई. आजीनं आजोबांचं एक धोतर जपून ठेवलं होतं. त्यातला एक तुकडा तिच्याकडून मागून घेतला आणि ठोकत बसले. काय सुंदर हिरवा ठसा आला! शीर न् शीर दिसत होती. मी तो खिडकीत लटकवला, स्टोरी टाकली, लाइक्स मोजले.

तीन आठवड्यांत तो हिरवा मळकट पिवळा झाला. एकदा धुतला आणि पानाच्या जागी चहा सांडल्यासारखा डाग उरला. तोवर झाडही तोडून झालं होतं.

चूक कुठे झाली ते नीट सांगते, कारण बरेच जण इथेच फसतात. पानातला हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. ते सुताच्या धाग्याला धरून बसत नाही आणि उजेडात त्याचं विघटन होतं. ठोकून आलेला हिरवा म्हणजे खरं तर पानाचा रस कापडावर वाळलेला असतो. फ्रेम करून अंधाऱ्या कपाटात ठेवलात तर गोष्ट वेगळी.

टिकतं ते दुसरंच काहीतरी: टॅनिन. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळल्यासारखी होते ना, ते टॅनिन. देशी बदाम, पेरू, डाळिंबाची साल यांत ते भरपूर असतं. टॅनिनला लोखंड भेटलं की गडद करडा-काळा रंग तयार होतो. युरोपात कित्येक शतकं दस्तऐवज ज्या काळ्या शाईनं लिहिले जात, तिचंही रसायन हेच. आणि आपल्याकडे जयपूरजवळच्या बगरूचे छापकारागीर हेच करतात: कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेल्या द्रवानं ठसे मारायचे. ठसा मारल्या मारल्या काळा होत जातो.

हिरडा ऐकून तुम्हाला त्रिफळा चूर्ण आठवलं असेल. बरोबर, तोच हिरडा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करतात. मी काष्ठौषधींच्या दुकानातून पावडर आणली, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "पोटासाठी का?" मी म्हटलं, "नाही, धोतरासाठी." [हसते]

अख्ख्या पानांनी थेट ठसे घ्यायच्या पद्धतीला हल्ली सगळे इको प्रिंट म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या इंडिया फ्लिंट या कलाकार बाईंमुळे ती जगभर पोचली. त्यांचं 'इको कलर' हे पुस्तक २००८ मध्ये आलं. त्यांचं लाडकं पान निलगिरीचं. रेशमावर किंवा लोकरीवर निलगिरी नुसती वाफवली तरी केशरी-तांबूस ठसा देते. सुती कापड मात्र हट्टी. त्याला आधी तयार करावं लागतं.

माझ्याकडे आता वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली अकरा बदामाची पानं होती आणि धोतराचा एकच तुकडा. झाड नाही, दुसरं धोतर नाही. म्हणून आधी जुन्या उशीच्या अभ्र्यावर पेरूच्या पानांनी चार वेळा प्रयोग केले. तुम्हीही हे कराच.

शेवटी जमलं ते असं. कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळलं, म्हणजे त्यातली खळ आणि तेलकटपणा जातो. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पावडर गरम पाण्यात कालवून रात्रभर भिजवलं, पिळलं आणि न खळबळता सावलीत वाळवलं. कापड फिकट पिवळसर होतं. मग एक लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम हिराकस. नर्सरीत ते फेरस सल्फेट म्हणून मिळतं. जास्त घालायचा मोह होतो, पण लोखंड जास्त झालं की कापड कालांतरानं कुजल्यासारखं विरतं. वाळलेली पानं आधी कोमट पाण्यात मऊ केली, मग या पाण्यात पाच मिनिटं बुडवली आणि जुन्या टॉवेलनं टिपली. हे टिपणं विसरू नका! माझे पहिले तीन प्रयोग निव्वळ ओघळांमुळे गेले. शिरा उठून दिसतात ती बाजू खाली ठेवून पानं कापडावर मांडली, वर प्लास्टिकचा कागद, आणि सगळं लाटण्याएवढ्या पाइपवर घट्ट गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलं. ढिलं बांधलंत तर ठसा फिसकटतो. दोन तास वाफवलं आणि थंड होईपर्यंत सोडलं नाही.

भांडं मात्र वेगळं हवं. मी भंगारवाल्याकडून जुनं पातेलं घेतलं. आईनं मोदकपात्राकडे नुसतं बघूही दिलं नाही आणि ते बरोबरच होतं, हिराकस लागलेलं भांडं परत स्वयंपाकाला वापरायचं नसतं. हातमोजेही घाला.

अकरांपैकी सात पानं छान उमटली. दोन पसरली. उरलेल्या दोन अर्धवट: एका बाजूला सगळ्या शिरा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी रडकुंडीला आले. आजी चष्मा लावून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "अगं, एवढं काय? जिथं नाही तिथं भर की."

आणि इथे मला भरतकामाचं खरं काम कळलं. इंटरनेटवर बहुतेक जण ठशाच्या कडेनं सगळीकडे टाके घालतात. मला ते आवडत नाही. ठशाची कड कुठे धूसर, कुठे ठसठशीत असते, त्यातच तर मजा आहे. चारी बाजूंनी रेघ ओढली की पान चित्रकलेच्या वहीतलं होतं. आजीनं मला फक्त तुटलेल्या शिरा जोडायला लावल्या. मधली शीर स्टेम स्टिचनं, आजी त्याला दांडी टाका म्हणते. बाजूच्या शिरा उलट्या टिपेनं. लच्छीच्या दोऱ्यात सहा पदर असतात, त्यातला एकच पदर घ्यायचा, फार तर दोन. दोऱ्याचा रंग ठशाहून थोडा फिकट घेतला. काळा घेतला होता तो उसवायला लावला. "झाड काय दुखवट्याला गेलंय?" म्हणाली.

एका पानाला किड्यानं तीन भोकं पाडली होती, तीही ठशात फिकट ठिपके म्हणून आलीत. त्यांच्या कडेला बारीक काज टाका घातला. मला आख्ख्या कापडात तोच भाग सगळ्यात आवडतो.

टाके घालायच्या आधी कापड सौम्य साबणानं धुऊन घ्या, म्हणजे जो रंग जायचाय तो जातो. दोरा रंग सोडत नाही ना तेही ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. रिंगमध्ये फार ताणू नका, लोखंड लागलेलं सूत नाजूक असतं. आणि लिंबू-व्हिनेगर लांब ठेवा, आंबटानं ठसा फिका पडतो. सरबताचा एक थेंब पुरला मला हे शिकायला.

ठसे धुऊन, वापरून आता अडीच महिने झालेत. पाच पानांवर टाके पूर्ण आहेत, सहावं रिंगमध्ये आहे. दोन मात्र आजीनं स्वतःसाठी राखून ठेवलीत, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की ती भरणार आहे.