तीनशे फुटांखालचं आकाश

१९७६ साली ऑस्ट्रेलियाच्या हवाई वाहतूक खात्याने एक छोटासा आदेश काढला. क्रमांक ९५.१०. एकाच माणसाला बसता येईल अशी अगदी हलकी, घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेली विमानं उडवायला त्याने मोकळीक दिली. पायलटचं लायसन्स नको, विमानाची नोंदणी नको, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र नको. अटी मोजक्याच, पण कडक होत्या. जमिनीपासून तीनशे फुटांच्या वर जायचं नाही, वस्तीवरून उडायचं नाही, विमानतळाच्या आसपास फिरकायचं नाही, सार्वजनिक रस्ते ओलांडायचे नाहीत. अमेरिकेत असा नियम यायला १९८२ साल उजाडलं.

त्या आदेशाला आता अर्धशतक होत आलं. एका माणसाने आपल्या शेतात उडवायच्या सांगाड्यापासून सुरू झालेली ही हौस आज हजारो सभासद, शेकडो प्रशिक्षक आणि स्वतःची नियमावली असलेली चळवळ झाली आहे. या प्रवासात माणसं गेली, नियम बदलले, कारखाने उभे राहिले आणि अडचणीतही आले. सरकारने मोकळीक दिली खरी, पण ती टिकवण्याची शिस्त या हौशी लोकांनी स्वतःच अंगी बाणवली. ही गोष्ट मुख्यतः त्या शिस्तीची आहे.

हौस मात्र आदेशापेक्षा कितीतरी जुनी. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी सिडनीच्या दक्षिणेला स्टॅनवेल पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी चार पेटीपतंग एकाखाली एक बांधले, त्यांना स्वतःला टांगून घेतलं आणि वाऱ्यावर सुमारे सोळा फूट वर गेले. आपल्या शोधांचं पेटंट घ्यायला त्यांनी कायम नकार दिला. जे सापडलं ते छापून सगळ्यांना मोकळं केलं. पुढे १९१० मध्ये व्हिक्टोरियातल्या मिया मिया गावाजवळ जॉन डुइगन यांनी भाऊ रेजिनाल्डच्या मदतीने कुटुंबाच्या मेंढ्यांच्या कुरणावर विमान बांधलं. १६ जुलैला ते इंजिनाच्या जोरावर जेमतेम सात मीटर उडालं. ऑक्टोबरपर्यंत तेच विमान पावणेदोनशे मीटरच्या पुढे जाऊ लागलं. ऑस्ट्रेलियात बांधलेलं आणि ऑस्ट्रेलियात उडालेलं हे पहिलं इंजिनवालं विमान.

१९२६ पासून सरकारने मोठ्या शहरांतल्या एरो क्लबांना डी हॅविलँड मॉथ विमानं दिली आणि सर्वसामान्यांच्या उड्डाण-प्रशिक्षणाला पैशाची मदत केली. ब्रिस्बेनच्या लोरेस बॉनी याच काळात तयार झाल्या. उड्डाण हे त्यांचं पोटापाण्याचं साधन कधीच नव्हतं. १९३२ मध्ये त्यांनी विमानाने संपूर्ण ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली आणि १९३३ मध्ये ‘माय लिटल शिप’ नावाच्या मॉथमधून ऑस्ट्रेलियाहून इंग्लंड गाठलं. वाटेत अपघात होऊन मोडलेलं विमान कलकत्त्याला नेऊन दुरुस्त करून घ्यावं लागलं होतं. हा प्रवास एकटीने पुरा करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

दुसऱ्या महायुद्धाने या हौशीला नकळत दोन देणग्या दिल्या. वैमानिक शिकवण्यासाठी टेमोरा, नॅरोमाइनसारख्या आडगावांत हवाई तळ उभे राहिले होते. पुढे गावाकडच्या अशा अनेक धावपट्ट्या स्थानिक नगरपालिकांच्या ताब्यात आल्या. युद्ध संपल्यावर टायगर मॉथ विमानंही स्वस्तात विक्रीला निघाली. सपाट जमीन, कोरडी हवा, शेजाऱ्याचं घर वीस-तीस किलोमीटरवर, आणि गावोगावी धावपट्टी. इतकी सोय फार थोड्या देशांत असेल. अडचण पैशाची होती. रीतसर प्रमाणित विमान, त्याची देखभाल आणि लायसन्सचा खर्च साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा होता.

त्यावरचा तोडगा नदीकाठी निघाला. ग्राफ्टन गावच्या जॉन डिकन्सन यांनी १९६३ मध्ये स्थानिक जॅकरांडा महोत्सवातल्या वॉटर-स्कीइंगच्या खेळासाठी एक कापडी पंख तयार केला. बोटीने ओढलेला तो पंख क्लॅरन्स नदीवर उडाला. पंखाखाली टांगलेला माणूस त्रिकोणी दांड्याला धरून अंग इकडून तिकडे सरकवी आणि तेवढ्यावर दिशा बदले. तो त्रिकोणी दांडा आजच्या प्रत्येक हँग ग्लायडरवर दिसतो. बिल मॉइस आणि बिल बेनेट यांनी ही कला जगभर नेली. पंख ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि शिडाच्या कापडापासून बनत असेल, तर विमान का नाही? सिडनीच्या रॉन व्हीलर यांनी त्याच सामानातून ‘स्काउट’ बांधलं. गवत कापायच्या यंत्राच्या जातीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन, उघड्यावरची बैठक आणि समोर दांडा. सुरुवातीच्या स्काउटला पंखांवरचे एलेरॉनही नव्हते. १९७६ चा आदेश निघाला तो अशा विमानांसाठी.

आणि इथेच खरा घोळ झाला.

तीनशे फुटांची मर्यादा इतर विमानांना धोका होऊ नये म्हणून घातली होती. मात्र स्काउटमध्ये बसलेल्या माणसासाठी तीच सर्वांत घातक ठरली. उंची म्हणजे वैमानिकाच्या हातातला वेळ. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं, आणि त्या काळची टू-स्ट्रोक इंजिनं बंद पडायचीच, तर जमिनीवर येईपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास अवधी मिळे. तेवढ्यात मोकळी जागा शोधायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, विजेच्या तारा चुकवायच्या. वेग कमी होऊन पंखांनी उचल सोडली, म्हणजे विमान स्टॉल झालं, तर सावरायला पुरेशी उंचीच नसे.

त्यात विमान एकाच माणसाचं. शिकवणारा बसणार कुठे? मग नवशिक्या आधी शेतात नुसतंच विमान पळवी, मग फूटभर उडी, मग दहा फूट, मग कुंपणापर्यंत. पहिलं वळण तो एकट्यानेच शिके. काहींनी ते वळण पुरं केलंच नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अपघातांची आणि मृत्यूंची संख्या इतकी वाढली की ही हौस बंद होते की काय, अशी वेळ आली.

बंदीऐवजी वाट निघाली ती वैमानिकांच्याच पुढाकाराने. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियन अल्ट्रालाइट फेडरेशन स्थापन झालं. त्याचा आग्रह साधा होता: दोन माणसं बसतील अशा अल्ट्रालाइटना परवानगी द्या, म्हणजे आम्ही शिकवू. दशकाच्या मध्यावर ती परवानगी मिळाली. थ्रस्टर, ड्रिफ्टर, लाइटविंग ही दोन आसनी विमानं गावोगावच्या प्रशिक्षण शाळांत दाखल झाली. फेडरेशनने प्रशिक्षक नेमले, परीक्षा ठरवल्या, सभासदांना प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये संसदेच्या समितीने हौशी उड्डाणांच्या सुरक्षिततेवर सविस्तर अहवाल दिला. हळूहळू उंचीची मर्यादा सैल झाली, रस्ते ओलांडता येऊ लागले. २००४ मध्ये संघटनेचं नाव बदलून रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया झालं. सरकारी नियामक असलेली कासा वरून देखरेख करते; प्रमाणपत्रं, नोंदणी आणि शिस्तीचं रोजचं काम संघटना पाहते.

इंजिनाच्या प्रश्नावर उत्तर शोधलं क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गने. ऊस आणि रमसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात रॉडनी स्टिफ आणि फिल एन्सवर्थ यांनी १९८८ मध्ये जॅबिरू कंपनी काढली. फायबरचं, बंद केबिनचं, दोन माणसांचं छोटं विमान त्यांनी बनवलं. त्यासाठी निवडलेल्या इटालियन इंजिनाचं उत्पादनच थांबल्यावर त्यांनी स्वतःचं इंजिन तयार केलं. चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, फोर-स्ट्रोक. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ इंजिन त्याच सुमारास बाजारात आलं होतं. या दोन इंजिनांनी हौशी वैमानिकाला शेताच्या कुंपणापलीकडे जायचा भरवसा दिला.

आज हे उड्डाण कसं चालतं, ते एखाद्या गवती धावपट्टीवर सकाळी सहा वाजता पाहावं. वारा उठायच्या आत विमान हँगरबाहेर येतं. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना, हे उजेडात धरून बघतात. रोटॅक्स असेल तर प्रॉपेलर हाताने फिरवत राहायचा, तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत. मगच तेलाची पातळी खरी कळते. जॅबिरू असेल तर पातं हळूहळू ओढताना चारही सिलिंडरचा दाब हाताला जाणवतो. एखादा मऊ लागला, तर त्या दिवशी उड्डाण नाही. मग धावपट्टीवर कांगारू नाहीत ना, याची खात्री. बहुतेक ग्रामीण विमानतळांवर कंट्रोल टॉवर नसतोच. प्रत्येक वैमानिक रेडिओवर गावाचं नाव, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत, हे सांगतो आणि शेवटी पुन्हा गावाचं नाव उच्चारतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर आजूबाजूच्या गावांची विमानंही बोलत असतात, म्हणून ही पुनरुक्ती.

प्रमाणपत्रासाठी किमान वीस तासांचं उड्डाण लागतं, त्यातले पाच तास एकट्याने. वयाची अट पंधरा वर्षांची. म्हणजे गाडीचं पक्कं लायसन्स मिळण्याआधी मुलगी विमान उडवू शकते. तब्येतीची अट खासगी गाडी चालवणाऱ्याला असते तितकीच. नेव्हिगेशन, प्रवासी नेणं, यांचं प्रशिक्षण वेगळं.

ते पुरं झालं की देश मोकळा होतो. सप्टेंबरमध्ये बर्ड्सव्हिलच्या घोड्यांच्या शर्यतींना वाळवंट ओलांडून छोटी विमानं येतात. धावपट्टीसमोरच गावचं प्रसिद्ध हॉटेल आहे आणि कित्येक वैमानिक विमानाच्या पंखाखालीच झोपतात. समुद्रसपाटीहून खोल असलेलं, एरवी मिठाचं पांढरं मैदान असणारं काटी थांडा–लेक आयर क्वचितच पाण्याने भरतं. तेव्हा विल्यम क्रीकच्या चिमुकल्या धावपट्टीवर गर्दी होते. घरी बांधलेल्या विमानांची परंपरा तर १९५५ पासूनच्या एका वेगळ्या संघटनेने जपली आहे. त्याच परंपरेतल्या जॉन जोहान्सन यांनी स्वतः बांधलेल्या आरव्ही-४ मधून जगाला तीनदा फेरी मारली आणि डिसेंबर २००३ मध्ये ते दक्षिण ध्रुवावरून उडाले.

वाट सरळ राहिली असं नाही. १ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या ओल्ड बार गावच्या जत्रेत एक अल्ट्रालाइट चालत्या आकाशपाळण्यात घुसलं. विमानातले दोघे आणि पाळण्यातली दोन मुलं वर अडकली. सुदैवाने जीव कुणाचाच गेला नाही. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत कासाच्या तपासण्यांत संघटनेच्या नोंदणीच्या फायली अपुऱ्या निघाल्या आणि कागद पुरे होईपर्यंत अनेक विमानं जमिनीवर राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये जॅबिरू इंजिनाच्या बिघाडांमुळे कासाने त्या इंजिनाच्या विमानांवर निर्बंध घातले. प्रवाशाने धोका समजल्याचं लिहून द्यायचं, उड्डाण दिवसाच, वस्तीवरून जायचं नाही. निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे देखभाल झालेल्या इंजिनांवरचे निर्बंध २०१६ च्या मध्यावर उठले. प्रत्येक वेळी नाराजी झाली, वादही झाले. पण कागद पुरे झाले, इंजिनांचे बोल्ट बदलले गेले, देखभालीच्या नोंदी काटेकोर झाल्या.

अलीकडची वाटचाल आणखी मोकळीक देणारी आहे. २०१४ पासून कासाचं स्वतःचं रिक्रिएशनल पायलट लायसन्स आहे. फेब्रुवारी २०२४ पासून काही वैमानिकांना आपल्या आरोग्याचं स्वयंघोषणापत्र देता येतं. जानेवारी २०१८ मध्ये पर्थच्या जंडाकोट विमानतळावरून पिपिस्ट्रेल अल्फा इलेक्ट्रो हे बॅटरीवरचं छोटं विमानही उडालं.

अर्धशतकाचा हिशोब मांडताना बहुतेक जण १९७६ चं नाव घेतात. पण या हौशीला खऱ्या अर्थाने आयुष्य मिळालं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, विमानात दुसरी बैठक आली तेव्हा. मोकळीक आधी आणि शिक्षण मागून, हा क्रम उलटा होता आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली. तो क्रम सुधारण्यासाठी वैमानिकांनीच संघटना बांधली, हे या इतिहासातलं सर्वांत मोठं काम.

सिडनी-मेलबर्नला मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी घरांची संख्या आता मोठी आहे. अशा मुक्कामात ऑपेरा हाउस आणि पेंग्विन पाहून झाले, की एक सकाळ जवळच्या फ्लाइंग क्लबसाठी राखून ठेवावी. ‘ट्रायल इन्स्ट्रक्शनल फ्लाइट’ मागितली की शेजारी प्रशिक्षक बसतो आणि वर गेल्यावर दांडा काही वेळ आपल्या हातात देतो. आधी उड्डाणाचा काहीही अनुभव लागत नाही.