बघ्यांची गर्दी

जुलै २०१७ मधली गोष्ट आहे. भोसरीच्या इंद्रायणी कॉर्नरजवळ संध्याकाळी एका वाहनाने पंचवीस वर्षांच्या एका अभियंत्याला धडक दिली. तो रक्तबंबाळ होऊन रस्त्यावर पडला. पाहता पाहता माणसे जमली. कोणी मोबाइलवर त्याचे फोटो काढले, कोणी चित्रीकरण केले. पण त्याला उचलायला कोणी पुढे झाले नाही. शेवटी त्या वाटेने जाणारे एक दंतवैद्य थांबले. त्यांनी त्याला पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पोहोचवले. पण फार उशीर झाला होता. तो तरुण वाचला नाही.

उर्दूत आपण ज्याला तमाशाई म्हणतो, त्याला मराठीत ‘बघ्या’ म्हणतात. त्या दिवशी भोसरीत बघ्यांची गर्दी होती. लोक म्हणाले, ‘माणुसकी उरली नाही.’ हे बोलणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. जमलेली माणसे काही दुष्ट नव्हती. त्यांच्यातलाच एखादा त्या रस्त्यावर एकटा असता, तर बहुधा धावला असता. मग गर्दीत असताना माणसाचे पाय का थांबतात?

अमेरिकेतील बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग पाहा. एका खोलीत एका माणसाला काही प्रश्नांची उत्तरे लिहायला बसवले. थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर येऊ लागला. खोलीत एकटे असलेल्या २४ जणांपैकी १८ जणांनी उठून बाहेर खबर दिली. नंतर तिघातिघांना एकत्र बसवले. अशा आठ गटांपैकी फक्त तीन गटांत कोणीतरी उठले. तिसऱ्या वेळी एका माणसासोबत दोन शिकवून ठेवलेली माणसे बसवली. त्यांनी धुराकडे पाहायचे आणि पुन्हा मान खाली घालून लिहीत राहायचे, असे ठरले होते. तेव्हा दहापैकी एकच जण उठला! बाकीचे डोळे चोळत, खोकत, धुरात बसून राहिले.

असे का झाले? प्रत्येकाच्या मनात शंका होती, की हा धूर धोक्याचा आहे की नाही. उत्तरासाठी त्याने शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. शेजारी शांत दिसला. खरे तर शेजारीही त्याच्याकडेच पाहत होता! दोघांनीही एकमेकांची शांतता पाहून ठरवले, की घाबरण्यासारखे काही नाही.

दुसरे कारण तुम्हाला रोज वर्गात दिसते. गुरुजींनी विचारले, ‘फळा कोण पुसेल?’ तर चाळीस मुले एकमेकांकडे पाहतात. तेच गुरुजी म्हणाले, ‘सलमा, फळा पूस,’ की सलमा लगेच उठते. पहिल्या वेळी सलमा आळशी होती आणि दुसऱ्या वेळी कष्टाळू झाली, असे नाही. पहिल्या वेळी काम चाळीस जणांत वाटले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे आले, की कोणालाच त्याचे ओझे वाटले नाही. गर्दीत जबाबदारीचेही असेच तुकडे होतात.

हे संशोधन ज्या घटनेमुळे सुरू झाले, तिच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. १९६४ मध्ये न्यूयॉर्क शहरात एका तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कोणीच काही केले नाही, असे वृत्तपत्राने छापले. कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तकांत हेच लिहिले जाई. पुढे कळले, की तो आकडा फुगवलेला होता. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवले होते आणि एक शेजारीण शेवटी तिच्याजवळ धावून गेली होती. छापलेले सगळेच खरे नसते, हेही यातून ध्यानात येईल.

गर्दी नेहमीच निष्क्रिय असते, असेही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन देशांतील रस्त्यांवरच्या भांडणांची २१९ कॅमेरा-चित्रणे तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगी कोणी ना कोणी मध्ये पडले होते. मुंबईत ११ जुलै २००६ रोजी लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रुळांशेजारच्या वस्त्यांतील लोकांनी घरातल्या चादरींतून जखमींना उचलून नेले. पुण्यात सदाशिव पेठेत जून २०२३ मध्ये एक जण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागला. सुरुवातीला रस्त्यावरची माणसे थबकली. मग एक तरुण धावला, त्याने कोयता धरला. दुसरा त्याच्या मदतीला आला. मुलगी वाचली. पहिला माणूस हलला, की बाकीच्यांचे पाय सुटतात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि ते प्रयोगशाळेत सापडत नाही. ते म्हणजे पोलीस आणि कोर्टकचेरीची भीती. ‘कशाला नसती भानगड?’ हे वाक्य तुम्ही घरीदारी ऐकले असेल. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये काही शहरांत पाहणी केली. शंभरातील ७४ लोकांनी अपघातातील जखमीला मदत करण्याची तयारी दाखवली नाही आणि त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी या कटकटीचेच कारण दिले.

ही भीती एके काळी खोटी नव्हती. आज मात्र कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर, आधी उपचार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिला होता. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी नवे कलम आले. जखमीला रुग्णालयात आणणाऱ्याला कोणी अडकवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही किंवा नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही. हे घरी जाऊन मोठ्यांना जरूर सांगा. अनेकांना ते माहीत नसते.

तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा किंवा चाचा भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत जातात. त्यांना विचारा, मशीनमध्ये कोणाचा हात सापडला तर काय होते? लगेच मशीन बंद होते, प्रथमोपचाराची पेटी येते, गाडी निघते. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घालून दिले होते, की दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी असावी आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी. म्हणजे तेथे सलमाचे नाव आधीच ठरलेले असते. तोच कामगार पाळी सुटल्यावर नाशिक रस्त्यावर येतो. अपघात पाहून तो गर्दीत उभा राहतो, कारण रस्त्यावर कोणाचेच नाव ठरलेले नसते.

ते नाव आपण ठरवू शकतो. ‘कोणीतरी मदत करा हो!’ असे ओरडून उपयोग होत नाही. एका माणसाकडे बोट दाखवून म्हणावे, ‘काका, निळा शर्टवाले, तुम्ही १०८ ला फोन लावा.’ दुसऱ्याला सांगावे, ‘भाईजान, तुम्ही गाड्या थांबवा.’ जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मानेला किंवा पाठीला मार लागल्यासारखे वाटले, तर जखमीला ओढू किंवा बसवू नये. फोनवर ‘लवकर या’ एवढेच न म्हणता ठिकाण सांगावे : भोसरीचा उड्डाणपूल, नाशिककडे जाणारी बाजू, अमुक दुकानासमोर. जखमी किती, शुद्धीवर आहेत की नाहीत, तेही सांगावे. आणि पलीकडचा माणूस ‘आता ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.