टेकू घेऊन एअर पिस्तूल

एअर पिस्तूलच्या ऑलिंपिक स्पर्धेत नेमबाज उभा राहून, एका हाताने, कशाचाही आधार न घेता 10 मीटरवरच्या लक्ष्यावर 4.5 मिमीचा छर्रा मारतो. सरावात मात्र टेकूला मोठी जागा आहे. नवशिक्याला ट्रिगर शिकवायचा असो, साइट लावायची असो, की कोणता छर्रा नळीला मानवतो हे पाहायचे असो, पिस्तूल टेबलावर टेकवूनच काम होते. जर्मनीत तर ज्येष्ठांसाठी टेकवून नेमबाजीच्या वेगळ्या स्पर्धाच भरतात.

टेकू दिला की हाताची थरथर बरीचशी जाते. तरी सगळे छर्रे दहा गुणांच्या वर्तुळात जात नाहीत, कारण नेम दोन तऱ्हांनी चुकतो. पिस्तूल आहे तसेच 5 मिमी बाजूला सरकले, तर छर्राही 5 मिमीच सरकतो. ते मनगटातून वळले, तर मात्र हिशेब बदलतो. फ्रंट साइट आणि रिअर साइट यांत साधारण 33 सेंमी अंतर धरले, तर 10 मीटर म्हणजे त्याच्या तीसपट. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत अवघी पाव मिमी डावीकडे गेली की छर्रा साडेसात मिमी भरकटतो. दहाचे वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचे असते. छर्र्याची कड रेषेला लागली तरी गुण मिळतो, म्हणून केंद्रापासून 8 मिमीपर्यंत दहा टिकतो. पाव मिलिमीटरच्या चुकीत ही सूट जवळजवळ संपते. त्यामुळे नजर फ्रंट साइटवर हवी: तिच्या दोन्ही अंगांना सारखा उजेड आणि दोन्ही साइटचे माथे एका रेषेत. लक्ष्यावरचा काळा गोल धूसरच दिसायला हवा.

पिस्तूल वळते ते बहुधा ट्रिगर हिसकल्यामुळे. उजव्या हाताच्या नेमबाजाचा असा छर्रा सहसा खाली डावीकडे पडतो. स्पर्धेच्या पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा भार लागतो. तो बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, वाढवत न्यायचा आणि मुठीची पकड तेवढ्यात बदलू द्यायची नाही. छर्रा न भरता, फक्त फ्रंट साइट हलते का हे पाहत केलेला सराव इथे सर्वांत उपयोगी.

टेकू मऊ हवा. वाळूची पिशवी उत्तम. ती मनगटाखाली किंवा मुठीखाली ठेवावी, नळीखाली नव्हे. स्प्रिंगच्या पिस्तुलाबाबत हे फार महत्त्वाचे. त्यात छर्रा नळीतून सुटण्याआधीच दट्ट्याचा हिसका बसतो, आणि कठीण टेकूवर पिस्तूल उसळते. दाबहवेच्या पिस्तुलाला हा त्रास कमी. पिशवीची उंची अशी, की खांदे वर ओढावे लागू नयेत. श्वास थोडा सोडून थांबावे. सात-आठ सेकंदांत बार झाला नाही तर हात सैल करून पुन्हा सुरुवात करावी.

पाच छर्र्यांचा पुंजका पाहूनच निदान करावे. तो घट्ट पण केंद्रापासून दूर असेल तर साइट फिरवावी. विस्कटलेला असेल तर साइटला हात लावू नये, दोष हातात, टेकूत किंवा छर्र्यात असतो. उभा पसरलेला पुंजका बरेचदा श्वासाकडे बोट दाखवतो. टेकवून लावलेली साइट उभ्याने मारताना तशीच जुळेल याची मात्र खात्री नसते, कारण पकड आणि हिसका दोन्ही बदलतात. पिस्तूल हातावर धरून ती पुन्हा तपासावी लागते.